बुधवारी वाजलेली घंटा

गायकवाड बाई म्हणाल्या, सुमन, नाताळच्या अंकात यंदा तू लिही, तुझ्या कामाबद्दल. मी म्हणलं बाई, मी सातवी नापास, मला काय लिहिता येतंय. तर म्हणाल्या, "बोलतेस तेवढं लिही. बोलताना कुठे अडतेस?" बाई शाळेत शिकवायच्या, रिटायर झाल्या तरी बोलणं तेच राहिलंय. म्हणून मी बोलते तसं लिहितेय, आणि चुकलं तर बाईंना सांगा, मला सांगू नका, मी आधीच घाबरट आहे.

माझं काम म्हणजे आपल्या चर्चची राखण. हा अंक बाहेरच्यांच्या घरी पण जातो म्हणून नीट सांगते. झाडायचं, पुसायचं, बाकं सरळ करायची, लग्न झालं की सतरंजीतून चमकीचे कागद वेचायचे, ते पुढच्या लग्नापर्यंत निघत राहतात. प्रभुभोजनाचा रविवार असला की द्राक्षरसाचे बोटाएवढे ग्लास धुवायचे, साबणाचा वास राहता कामा नये, नाहीतर बाई सगळ्यांसमोर नाक मुरडतात. आणि घंटा. घंटा माझ्याकडेच.

हे काम आधी माझ्या सासूबाईंचं होतं. त्यांचे गुडघे गेले आणि माझ्याकडे आलं, कामाबरोबर आवारातली खोली पण आली. माझं माहेर बौद्ध, इथलंच, हडपसरचं, माझे वडील, अप्पा, कारखान्यात होते. सासर ख्रिस्ती. आमच्या ह्यांचं नाव सॅमसन, कॉल सेंटरची सुमो चालवतात. माहेरी जयभीम म्हणायचं, सासरी सलाम म्हणायचं, लग्न झाल्यावर माझं सारखं उलटसुलट व्हायचं, एकदा मी पाळकसाहेबांनाच, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांनाच, जयभीम म्हणलं. त्यांनी हात जोडून जयभीम म्हणलं आणि पुढे गेले. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, मी सभासद नाही, हे पण इथेच सांगून टाकते, पुढे लागेल.

घंटेचं सासूबाईंनी शिकवलं. "रविवारी घंटा पळती, मयताला घंटा चालती," म्हणायच्या. म्हणजे उपासनेला भराभर ओढायची, दोन्ही हातांनी. आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या माणसांतलं, कुणी गेलं तर एक टोला द्यायचा, आवाज विरू द्यायचा, मग दुसरा. ती संथ घंटा ऐकली की आसपासच्या गल्ल्यांतली आपली माणसं हातातलं काम टाकून येतात. कुणाला बोलवावं लागत नाही.

बाप्तिस्म्याचं पाणी पण माझ्याकडे. ते भांडं दगडाचं, पाणी गारठतं, आणि नाताळच्या आसपास तर बाळं किंचाळतात. सासूबाई गुपचूप गरम पाणी मिसळायच्या, कोपर बुडवून बघायच्या. मी पण तेच करते. पाळकसाहेबांना वाटतं त्यांच्या हातात बाळं शांत राहतात. वाटू दे.

तर बाप्तिस्म्याला काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसेल. आईबापांना प्रश्न विचारून झाले की पाळकसाहेब मंडळीकडे वळतात, सगळ्यांना उभं करतात आणि म्हणतात, हे लेकरू आता तुमचं आहे, ह्याच्या सुखात आणि दुखण्यात तुम्ही ह्याच्याजवळ उभे राहाल काय? मग सगळे म्हणतात, होय, राहू. झालं. मग चहा आणि केक.

आधी हे ठीक होतं, सासूबाई सांगतात, कारण बाळ गल्लीतलंच असायचं, कुणाचं नाक कुणासारखं हे सगळ्यांना माहीत असायचं. आता तिकडे पलीकडे शेतं होती तिथे काचेच्या कंपन्या झाल्या, टॉवर झाले, आणि रविवारी गाडीतून नवी माणसं यायला लागली. नागपूरची, केरळची, कुठली कुठली. चांगली माणसं, पण उपासना संपली की गाडीत बसून जातात. काही तर नुसती शाळेच्या ॲडमिशनसाठी दाखला मागायला येतात. एक बाई मला विचारत होती, "सभासद व्हायला मिनिमम काय करावं लागतं?" मी म्हणलं मला नाही माहीत, मी झाडू मारते.

रीना आणि तिचा नवरा तसेच आले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, ती पण होती, बाळासाठी घरी बसली होती. टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर फ्लॅट. बाळाचं नाव योहान. बाप्तिस्म्याला नागपूरहून सासूसासरे आले, फोटोवाला आला, पांढरा फ्रॉक, सगळं छान. मंडळी उभी राहिली, होय राहू म्हणाली. मी भांड्याशेजारी टॉवेल घेऊन उभी होते, तोंडातून माझ्या पण होय निघालं. सवयीने निघालं म्हणा. रीना मात्र काही बोललीच नाही, तिच्या नवऱ्याने दोघांचं उत्तर दिलं. मला वाटलं जागरण असेल. माझी पिंकी तेव्हा अंगावर पीत होती, मला काय, मी पण उभ्या उभ्या झोपायची.

मग सासूसासरे गेले आणि तिचा नवरा पण कंपनीने अमेरिकेला पाठवला म्हणून गेला. हे मला नंतर कळलं.

बुधवारची दुपार होती. मी बाकं पुसत होते. पिंकी खोलीत सासूबाईंजवळ झोपलेली. रीना आली, बाळ कडेवर, खांद्याला बाळाची बॅग. केस विंचरलेले नव्हते. शेवटच्या बाकावर बसली. मी म्हणलं पाणी देऊ का ताई. तिने मान हलवली. बराच वेळ बसली, मग उठून माझ्याजवळ आली आणि बाळ माझ्याकडे दिलं, म्हणाली, "ताई, जरा धरता? पाच मिनिटं." आणि गेली. बॅग बाकावरच.

मला वाटलं बाथरूमला गेली. मग वाटलं फोन करायला गेली असेल. बाळ आधी गप्प होतं, मग चुळबुळ, मग रडायला लागलं, साधं नाही, भुकेचं. मी फाटकापर्यंत जाऊन आले, रस्त्यावर बघितलं, कुणी नाही. परत आले. बाटली असेल म्हणून बॅग उघडली.

बाटली रिकामी. तिच्या खाली तिची पर्स, मोबाईल, घराच्या चाव्या. आणि बाळाच्या टोपीत गुंडाळून ठेवलेली लग्नाची अंगठी.

मी अंगठी हातात घेतली. तुम्हीच सांगा, अंगठी कुणी अशीच काढून ठेवतं का? पैसे नाहीत, फोन नाही, चाव्या नाहीत, ती गेली कुठे? ज्याला परत यायचंय तो चाव्या नेतो. एवढं मला पण कळतं.

पाळकसाहेबांच्या बंगल्याकडे पळाले. कुलूप. दोघं नवराबायको नगरला सभेला गेलेले, आवारातला एकच फोन आत. तिचा मोबाईल काहीतरी आकडे मागत होता. आमचे हे झोपलेले, पण घरी नाही, आमच्याच दूरच्या मामाकडे लोहगावला, गाडी धुवायला नेली होती आणि तिथेच आडवे झाले होते. बाळ रडून लाल. मी गोल गोल फिरतेय, येशू येशू पण म्हणतेय आणि आई गं पण म्हणतेय, आणि फिरता फिरता दोर दिसला.

मला एवढंच कळलं की हा ओढला की माणसं येतात.

ओढला. पण एका हातात बाळ होतं. घंटा जड आहे, दोन हातांशिवाय पळत नाही. एका हाताने मी अंगाचा भार टाकून ओढायची, ती एकदा वाजायची, दोर वर जायचा, परत खाली येईपर्यंत थांबायचं, परत ओढायचं. मला काही लक्षात आलं नाही. मी आपली जीव खाऊन ओढत होते.

बाहेर मयताची घंटा वाजत होती.

माणसं आली. आणि कशी आली, पांढऱ्या साड्या नेसून आली. गायकवाड बाई सगळ्यात पुढे, हातात गीतांचं पुस्तक. बाकीचे आधी पीटरकाकांच्या घरी गेले होते, ते महिनोन्महिने आजारी, सगळ्यांना वाटलं तेच. काका कॉटवर चहा पीत होते. म्हणाले, "मी अजून आहे, मयताच्या चहाच्या बशा परत ठेवा," आणि काठी घेऊन स्वतःच निघाले, आपल्या आधी कोण गेलं बघायला. शांतवन काका आले, ते बसमध्ये कंडक्टर होते, रिटायर झालेत. आणि आढाव साहेब आले, मंडळीचे वडील. वडील म्हणजे पंच, कारभार बघणारे. शवपेटी करणाऱ्याला सांगायचं त्यांच्याकडे असतं म्हणून त्यांनी पहिलं विचारलं, "माप काय घ्यायचं?"

मी म्हणलं, कुणी गेलं नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आढाव साहेब म्हणाले, "कुणी गेलं नाही, मग ही घंटा काय भोंगा समजून वाजवली?"

मी बाळ पुढे केलं. मी जे सुचेल ते बोलले, रीना गेली, पर्स इथे आहे, अंगठी इथे आहे, तिला काहीतरी झालंय. एक बाई म्हणाल्या, "कोण रीना?" मी म्हणलं, मागच्या महिन्यातला बाप्तिस्मा, पांढरा फ्रॉक. तुम्ही सगळे उभे होता. होय म्हणालात.

बाळ तेवढं रडत होतं.

"तुला कोण म्हणालं होतं मधे पडायला?" आढाव साहेब म्हणाले. "तू सभासद तरी आहेस का?"

"नाही साहेब. पण मी पण उभी होते. मी कायम उभीच असते."

मला उद्धट बोलायचं नव्हतं, खरंच तसंच असतं म्हणून बोलले. पीटरकाका मागून खाकरले. आढाव साहेब काय करतील मला कळेना, खोली जाणार, काम जाणार, हेच डोक्यात. पण ते ओरडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "बाप्तिस्म्याला सगळेच म्हणतात होय. आमच्या विजूच्या वेळी पण म्हणाले होते. नंतर तो प्यायला लागला, रस्त्यात पडायचा, तेव्हा कोण आलं? एक माणूस नाही आलं. त्याच्या मयताला मात्र हे देऊळ पुरलं नाही."

विजू साहेबांचा मुलगा. त्याचं मी ऐकून होते, पण साहेबांच्या तोंडून कधी नाही. गायकवाड बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बाई कधी कुणाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी होते ना हो उभी विजूच्या वेळी. दुसऱ्या बाकावर."

साहेबांनी खिशातून स्कूटरची चावी काढली. शांतवन काकांना म्हणाले, "चला, बसा मागे." काका म्हणाले, "कुठे?" साहेब म्हणाले, "तुम्ही कंडक्टर होता का मी?"

मग काका कामाला लागले. माझ्याकडून तिचे कपडे विचारून घेतले, मी सांगितलं, निळा पंजाबी ड्रेस, घरातल्या स्लिपर. म्हणाले, पैसे नाहीत म्हणजे रिक्षा नाही, आणि बसमध्ये बिनापैशाची बाई चढली तर कंडक्टर विसरत नाही. दोघं स्टॉपकडे गेले. पवारांचा मुलगा रेल्वे लाइनकडे गेला, दोघी जणी टॉवरवर वॉचमनला विचारायला. काही घरी पण गेल्या, खोटं कशाला सांगू. एक जाताना म्हणाली, दाखल्यासाठी आलेली माणसं, आपण काय करणार.

आणि बाळ थांबेना. कुणीतरी दूध आणायला धावलं, पण ते बाटली तोंडात घेईना, त्याला ह्या दुधाची सवय नसावी. रडून रडून त्याचा आवाज बसला, नुसतं तोंड उघडायचं आणि काही यायचं नाही. ते बघून माझं ब्लाऊज ओलं झालं. आईला कळेल हे. मी बाईंकडे बघितलं. मला विचारायचं होतं, मी तुमच्यातली नाही, मी माझ्या अंगावर घेतलं तर चालेल का, कुणी नंतर काही म्हणेल का, तिच्या घरचे काय म्हणतील. पण माझ्या तोंडून फक्त "बाई" एवढंच निघालं.

बाईंनी स्वतःच्या पांढऱ्या साडीचा पदर सोडला, माझ्या खांद्यावरून पुढे घेतला आणि माझ्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे कुणाला दिसू नये. "बस," म्हणाल्या, "पहिल्या बाकावर बस." मी कधी पहिल्या बाकावर बसले नव्हते, पुसलंय फक्त.

बाळ प्यायलं. हुंदके देत देत प्यायलं आणि झोपलं. बाई तशाच उभ्या, अर्धी साडी माझ्या अंगावर, अर्धी त्यांच्या. पीटरकाका दाराशी बसून म्हणत होते, "मी मेलो असतो तर एव्हाना गाणी झाली असती तीन." कुणी हसलं नाही, पण बरं वाटलं.

रीना कात्रजला सापडली. बस शेवटपर्यंत गेली म्हणून ती शेवटी उतरली, एवढंच. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले, तिने रिकामे हात दाखवले, त्याने तिला बसू दिलं, आणि स्टॉपवरच्या कंट्रोलरला शांतवन काकांनी विचारल्यावर ते सगळं बाहेर आलं. ती तळ्याच्या बाजूच्या भिंतीपाशी उभी होती. जवळ दुधाचा स्टॉल होता, त्या माणसाला काहीतरी शंका आली, तो तिला ग्लासावर ग्लास ताक पाजत होता आणि उगाच गप्पा मारत होता, तिला तिथून हलू देत नव्हता. देव त्याचं भलं करो, त्याचं नाव पण कुणी विचारलं नाही.

आढाव साहेब तिला म्हणाले, "चल पोरी, बाळ वाट बघतंय." ती म्हणाली, "तुम्ही कोण?" साहेब काय म्हणाले ते मला शांतवन काकांनी सांगितलं. म्हणाले, "मी मंडळी."

रिक्षाने आणली तिला, काका बरोबर, साहेब स्कूटरवर मागे मागे. आत येऊन तिने बाळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या ब्लाऊजकडे. म्हणाली, "मला वाटलं इथे ठेवलं तर इथे कुणीतरी असेल." मी अंगठी परत दिली, ती बाईंनी तिच्या बोटात घातली.

नंतर सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर मन असं आजारी पडतं, ताप येतो तसंच, औषध आहे, फक्त एकटं ठेवू नका. एकटं ठेवू नका म्हणजे रोज कुणीतरी आठव्या मजल्यावर जायचं. गायकवाड बाईंचा लिफ्टवर विश्वास नाही, त्या जिन्याने जायच्या आणि वर पोचल्या की पेशंट कोण हेच कळायचं नाही. रीनाची आई आली, नवरा पण पुढे परत आला, पण मधले ते दिवस मंडळीने काढले. सगळ्यांनी नाही. ज्यांनी काढले त्यांनी.

घंटेवरून पंचांची बैठक झाली. मला बोलावलं होतं, मी पिंकीला घेऊन गेले, वाटलं लेकरू बघून कमी ओरडतील. कुणीतरी म्हणालं, अडचणीला वेगळी घंटा ठरवू, जिवंत माणसासाठी. गायकवाड बाई म्हणाल्या, "आहे तीच राहू द्या. मेलेल्यासाठी लोक धावतात, हे आपल्याला माहीत आहे. जिवंतासाठी धावतील का, ह्याची खात्री कुणाला आहे?" ठरलं काहीच नाही, चहा झाला.

मला मात्र त्या दिवसापासून भीती बसली ती बसली. आधी मला वाटायचं मंडळी म्हणजे रविवारी भरते ती. आता मी टॉवेल घेऊन उभी राहते आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न आला की सगळ्यांची तोंडं बघत राहते. एक बदल झालाय, तुमच्या पण लक्षात आला असेल. पूर्वी पाळकसाहेबांचा प्रश्न संपायच्या आत होय यायचं, आता येत नाही. प्रश्न संपतो आणि सगळे गप्प. कुणी चपलांकडे बघतं, कुणी त्या बाळाकडे. थोड्या वेळाने होय येतं, आधीपेक्षा हळू.

मागच्या नाताळच्या आधी माझ्या पिंकीचा बाप्तिस्मा झाला. ह्यांची इच्छा होती आणि अप्पांनी अडवलं नाही. म्हणाले, "मी येईन. वंदन करायचं ते माझं मी घरी करतो, पण नात माझी आहे." शेवटच्या बाकावर बसले, निळ्या शर्टात, हात मांडीवर. पाणी त्या दिवशी रीनाने गरम केलं, कोपर बुडवून बघताना मी तिला बघितलं. मी पहिल्यांदाच पुढच्या बाजूला बाळ घेऊन उभी, हातात टॉवेल नाही, हात कुठे ठेवावेत कळेना.

पाळकसाहेब मंडळीकडे वळले. सगळे उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे लेकरू आता तुमचं आहे, ह्याच्या सुखात आणि दुखण्यात तुम्ही ह्याच्याजवळ उभे राहाल काय?

आणि सगळे गप्प.

मला कळत होतं की हे गप्प राहणं चांगलं आहे, विचार करताहेत. पण आता लेकरू माझं होतं. मला वाटलं, नाही म्हणतील. कामवालीचं पोर, आई अजून बाहेरची, कशाला अंगावर घेतील. ते गप्प राहणं संपेना, तोच सगळ्यात मागून मोठा खणखणीत आवाज आला, "होय."

एकटाच. अप्पांचा.

सगळी मंडळी मागे वळली. आढाव साहेब पण वळले, अप्पांकडे बघितलं, मग पुढे तोंड करून म्हणाले, "होय, राहू." मग बाकीचे.

बाहेर केक खाताना मी म्हणलं, अप्पा, ते मंडळीने म्हणायचं असतं, तुम्ही कसं काय म्हणालात?

अप्पा म्हणाले, "त्यांनी विचारलं. कुणी बोलेना. माझी पोरगी तशीच उभी ठेवायची का?"